अबोल्याच्या घरात फवारा

आमच्या घरात कर्ता नाही. तसा नवरा आहे, धडधाकट आहे. मी व्याकरणातल्या कर्त्याबद्दल बोलते आहे. आमच्याकडे चहा होतो, तो कुणी करत नाही. 'चहा झालेला आहे,' असं मी ओट्याकडे बघून म्हणते आणि पुढच्या खोलीतला माणूस उठून येतो. 'गोळ्या संपल्यात,' असं तो भिंतीवरच्या घड्याळाला सांगतो आणि संध्याकाळी मी गोळ्या आणते. 'बाजारात जाणं आहे.' 'लाइटबिल आलेलं दिसतंय.' 'भाजी जरा खारट लागतीय.' दहा-बारा वर्षं आम्ही नवरा-बायको असंच बोलत होतो, म्हणजे बोलत नव्हतो.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. महिपती. 'अहो' म्हणणं बंद केलं त्या दिवसापासून तो माझ्या मनात एकेरीवर आला, आणि मनात कोण कुणाला अडवतं?

अबोला आमच्या मुलखात काही नवीन नाही. जावाजावांचा असतो, भावाभावांचा तर प्रत्येक बांधावर असतो. लेकी बोले सुने लागे, ही त्यातली जुनी सोय. मळ्यात होतो तेव्हा आमच्याकडे एक शेळी होती, तिच्याशी आम्ही दोघंही बोलायचो. 'बाई गं, कुणाला लवकर जेवायचं असंल तर आधी सांगावं,' असं मी तिला म्हणायचे. 'बारामतीला जाऊन येतो म्हणावं,' असं तो तिला सांगायचा. ती बिचारी रवंथ करत दोघांकडे आळीपाळीनं बघायची. पुढे मळा वाट्यानं दिला, इंदापुरात हे तयार घर घेतलं, शेळी विकली, आणि घरातलं निम्मं बोलणं तिच्यामागून गेलं.

उरलेलं निम्मं माझी अंगणवाडी संपली तेव्हा गेलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या पोरांना बोलायला शिकवलं. हा कोण? हा काका. काका काय करतो? घसा बसेपर्यंत बोलून घरी यायचे, तेव्हा घरातली शांतता बरीच वाटायची. निवृत्त झाल्यावर ती शांतता काय चीज आहे ते कळलं. दुपारी भांडी घासताना स्वतःचा आवाज तरी कानावर पडावा म्हणून मी भाज्यांची नावं म्हणायचे. वांगं, दोडका, घेवडा, कारलं. वेडी म्हणाल. म्हणा. ज्यानं असं काढलंय त्यालाच ठाऊक.

आमची लेक स्वरूपा बारामतीला असते, बँकेत आहे. लग्नाआधी तीच आमची मध्यस्थ होती. 'तुझ्या बापाला सांग', 'तुझ्या आईला विचार', असं चालायचं. एक दिवस ती वैतागून म्हणाली, 'मी काय तुमची पोस्टमन न्हाय. एका घरात राहता, पत्ता ठाऊक हाय एकमेकांचा.' त्या दिवसापासून ती सेवाही बंद झाली.

आता कारण सांगते, नाहीतर मला उगाच खाष्ट समजाल. माझं माहेर निरवांगी. आई, प्रयागबाई, तिथं माझ्या थोरल्या भावाकडे, भिमादादाकडे असायची. ती गेली त्या दिवशी आमच्या मळ्यावर कालव्याच्या पाण्याची पाळी होती. पाळी चुकली की पुढचं पाणी कधी मिळेल ते पाटकऱ्यालाही सांगता येत नाही. उन्हाळा होता, ऊस पिवळा पडायला लागला होता. पहाटे महिपतीच्या मोबाईलवर निरवांगीहून फोन आला की आईचं काही खरं नाही, संजीला घेऊन या. संजी म्हणजे मी, संजीवनी. माझ्याकडे तेव्हा फोन नव्हता. महिपती रानात दारं धरत होता. त्यानं फोन खिशात ठेवला आणि उसाला पाणी पाजत राहिला. सगळं भरणं उरकून उन्हाचा घरी आला, पाय धुतले, आणि मग म्हणाला, 'तुझ्या आईला बरं न्हाय म्हणं. चल, जाऊन येऊ.'

आम्ही पोचलो तेव्हा दारात तिरडी बांधत होते. शेवटचं पाणी तिच्या तोंडात दुसऱ्यांनी घातलं होतं. भिमादादा मला बाजूला घेऊन म्हणाला, 'पहाटंच फोन केलता की गं. इतका उशीर कसा केला?' मी महिपतीकडे पाहिलं. तो दोन माणसांबरोबर बांबू धरून उभा होता, खाली मान घालून. मी तिथंच ठरवलं की हा माणूस आपल्या तोंडानं सांगेपर्यंत याच्याशी बोलायचं नाही. फार नको होतं मला. 'चुकलं माझं' एवढं एकदा म्हटलं असतं तरी पुरे होतं.

त्यानं म्हटलं नाही. आज म्हणेल, उद्या म्हणेल, अशी मी वाट बघत राहिले, आणि वाट बघता बघता केस पांढरे झाले. केसांवरनं आठवलं, खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

गेल्या दिवाळीपासून माझा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरनं व्यायाम दिले, तेल दिलं, धीर दिला. बाकी सगळं मी डाव्या हातानं निभावलं, पण डोक्यावरून पाणी घेता येईना. एका हातात तांब्या धरायचा तर केस कुणी चोळायचे? स्वरूपा महिन्यातनं एखाद्या रविवारी यायची आणि माझं डोकं धुऊन द्यायची. मधले दिवस मी केसांना फडकं बांधून काढायचे. एका सकाळी डाव्या हातानं प्रयत्न करायला गेले, तर तांब्या निसटला आणि बाथरूमभर गडगडत गेला. बाहेर पेपरचा आवाज थांबला. 'लागलं का?' असं कुणी विचारलं नाही. मीही 'नाही लागलं' असं सांगितलं नाही. थोड्या वेळानं पेपर पुन्हा वाजायला लागला.

चार दिवसांनी महिपती बाजारातून पिशवी घेऊन आला आणि जेवायच्या टेबलावर एकेक वस्तू मांडायला लागला. चकचकीत फवारा, त्याची वाकडी नळी, नवी चकली, म्हणजे नळाची तोटी, पांढऱ्या टेपचं रीळ. 'शहबाजच्या दुकानात चांगला माल हाय,' तो घड्याळाला म्हणाला. 'जुना काढून हा बसवायचा. म्हणजे कुणाला हात वर करायला नको.'

मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. 'कुणाला' हा शब्द ऐकून बरं वाटलं, आणि लगेच रागही आला. चांगलं करायचं तर नीट नाव घेऊन करावं माणसानं.

आमच्या बाथरूममध्ये आधीच्या मालकानं लावलेला एक फवारा होता. होता म्हणजे नुसता भिंतीवर होता. बोअरच्या पाण्यानं त्याची सगळी भोकं क्षारानं भरलेली, वरून पांढरी खपली धरलेली. खालची चकली सोडली की वरून तीन थेंब पडायचे, तेही विचार करून. आम्ही त्यावर ओला टॉवेल टाकायचो.

'अय्युबला बोलवावं,' मी ओट्याला म्हणाले. अय्युब आमच्या गल्लीतला नळवाला.

'तो येतो येतो म्हणतो आन येत न्हाय. आन ह्यात काय हाय? जन्म गेला पायपात.'

हे खरं होतं. मळ्यात मोटर, ठिबक, पाइप, सगळं महिपतीच बघायचा. पण रानातलं प्लंबिंग निराळं. तिथं पाइप गळाला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, वर सुतळी आवळायची, आणि तरी गळालं तर म्हणायचं, गळू दे, रानातच जातंय. जन्मभर डाळिंबावर फवारे मारलेला माणूस आता माझ्यासाठी फवारा लावणार होता, या गोष्टीचं मला हसू आलं. हसायला कुणी नव्हतं म्हणून मी एकटीच पातेल्यात बघून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं लुंगी खोचली आणि पाना, पक्कड, हातोडी घेऊन बाथरूममध्ये शिरला. आतून ठाकठोक सुरू झाली. मग शिव्या. जुन्या नळीला, आधीच्या मालकाला, बोअरच्या पाण्याला. मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. खरं सांगते, कित्येक महिन्यांत घरात इतका माणसाचा आवाज झाला नव्हता. शिव्या का असेनात.

थोड्या वेळानं तो चेहऱ्यावर गंज आणि घाम घेऊन बाहेर आला. अडचण मला आधीच दिसली होती. नळी काढायची तर गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करायला हवा, आणि बसवली की उघडून बघायला हवा, गळते का. कॉक वर, नळी खाली. एकट्यानं करायचं तर दर वेळी जिना चढायचा आणि उतरायचा. त्यानं एकदा चढून कॉक बंद केला, खाली आला, नळी अर्धी फिरवली, तर पाणी झिरपतंच होतं. कॉकची मूठ कधीच मोडलेली. पक्कडीनं दाबून धरला तरच तो पुरता बंद व्हायचा.

तो जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला आणि तुळशीला म्हणाला, 'वर कुणीतरी थांबाया पायजे.'

'कुणीतरी म्हणजे कोण, ते सांगावं,' मी तांदूळ निवडता निवडता म्हणाले.

त्यानं हातातली पक्कड दोनदा उघडमीट केली. मग म्हणाला, 'ज्याला जमंल त्यानं.'

आता बघा. डोकं माझं धुवायचं, खांदा माझा दुखरा, आणि जमेल त्यानं. मी पदर खोचला, त्याच्या हातातली पक्कड न बोलता घेतली आणि जिना चढले.

गच्चीवर ऊन रखरखीत होतं. शेजारच्या शाहीनच्या गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. पलीकडे सोलापूरच्या रस्त्यावर ट्रक एकामागोमाग एक चालले होते. मी टाकीच्या सावलीत पाटावर बसले आणि डाव्या हातानं कॉकला पक्कड लावली. टाकीपासून जुना लोखंडी पाइप भिंतीवरून खाली बाथरूमच्या जाळीपर्यंत गेला आहे. त्या जाळीतून खालचा आवाज अगदी स्वच्छ वर येत होता. तो खोकला तरी ऐकू येई.

'बंद करावं,' खालून आवाज आला.

मी कॉक आवळला. पण झाला बंद हे कळवायचं कसं? बोलायचं तर नव्हतं. जवळ पडलेला दगड उजव्या हातात घेऊन मी पाइपवर एकदा ठोकलं. टण्ण. मग तो नळी काढायला लागला. त्याला समजलं होतं.

असं आमचं काम चाललं. 'सोडावं.' टण्ण. 'बंद करावं, बंद करावं, हितनं गळतंय!' टण्ण. 'थांबावं जरा.' टण्ण. जुनी नळी निघताना तिचा तुकडा भिंतीतच मोडून राहिला, तो छिन्नीनं कोरून काढायला वेळ गेला. मग नवी नळी. त्यानं पांढऱ्या टेपवर भरवसा न ठेवता वरून सुतळीही गुंडाळली असणार, कारण मला सुतळी तोडल्याचा आवाज आला. सोडलं, गळलं. बंद केलं, पुन्हा गुंडाळलं. सोडलं, कमी गळलं. पुन्हा बंद.

आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. खालून हाक यायची, वरून उत्तर जायचं. टण्ण म्हणजे काय फार मोठं बोलणं नव्हे. पण माझ्या आवाजाची कुणीतरी वाट बघत होतं, आणि तो आला की पुढचं काम होत होतं.

मग बराच वेळ काही हाक आली नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. मी पाइपला कान लावला. खाली तो एकटाच पुटपुटत होता. आवाज बारीक, थकलेला. 'झिजलं समदं,' तो म्हणत होता. 'लई वर्सं झाली. किती ताणायचं तरी?' मग थोडं थांबून, मोठ्यानं, वर तोंड करून, 'सोड की गं आता!'

गं. इतक्या वर्षांत त्यानं मला 'गं' म्हटलं नव्हतं, 'सोड' म्हटलं नव्हतं. 'सोडावं' होतं, तेही भिंतीला. आणि आज हाक मारून काय म्हणतो, तर लई वर्षं झाली, किती ताणायचं, सोड आता. म्हणजे याला वाटतं मीच ताणलं! चूक याची, आणि सोडायचं मी. 'चुकलं' म्हणायला जीभ रेटत नाही आणि 'सोड' म्हणायला रेटते. डोक्यात अशी तिडीक गेली की पक्कड पाइपवर आपटून मी ओरडले,

'न्हाय सोडणार! का म्हणून सोडू? तुमी सोडलं व्हतं का पाणी त्या दिवशी? पहाटंचा फोन दुपारी सांगितला मला! माझी आई वाट बघून बघून गेली, आन तुमी उसाला पाणी पाजत बसला! आन मी सोडू?'

शाहीनच्या गच्चीचं दार उघडलं आणि हळूच परत लागलं. मग जाळीतून आवाज आला, गोंधळलेला, जवळजवळ घाबरलेला.

'अगं, पाणी. पाणी सोड म्हंतोय मी. भिंतीतल्या पायपाचं आटं झिजलेत, चकली किती ताणून बसवायची? म्हटलं, एकदा सोडून बघ.'

एवढी वर्षं दातांत धरून ठेवलेलं बोलणं मी एका चकलीपायी घालवलं होतं. त्यानं 'चुकलं' म्हटलंच नव्हतं. त्यानं काहीच म्हटलं नव्हतं. मी एकटीच गच्चीवर बसून एका नळाशी भांडले होते. शरमेनं मला रडूच आलं.

पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, 'कुठला फोन?'

मी हाताच्या पाठीनं नाक पुसलं.

'पहाटंचा फोन तुला कुणी सांगितला?'

'भिमादादानं,' मी म्हणाले. आता काय राहिलं होतं लपवायला? 'तिथंच. तिरडीपाशी.'

'म्हंजी तुला तवापास्नं ठावं हाय?'

'ठावं हाय म्हणूनच तर तोंड बंद केलं की! दुसरं काय कारण आसंल?'

'मला वाटलं...' आणि तो थांबला. पुढचं त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, म्हणून सांगता आलं असावं. त्याला वाटलं होतं, तो दुखवट्याला निरवांगीला आला नाही म्हणून मी रुसले. तेव्हा मळ्यातल्या जुन्या, तयार उसाला हंगामातली शेवटची तोडणी टोळी आली होती, आणि टोळी परत गेली असती तर ऊस उभाच राहिला असता. लोकांत माझी मान खाली गेली म्हणून मी बोलत नाही, अशी त्याची समजूत होती. फोनचं मला कळलंय हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

'मग दुखवट्याचं तरी कधी बोललात का?' मी विचारलं.

'बोलाया भ्यायचो,' तो म्हणाला. 'एकदा बोलणं सुरू झालं की त्या दिवसाचं निघंल. माझ्याच तोंडातनं निघंल. तुला कळलं तर तू ऱ्हायची न्हाईस, असं वाटायचं. तू बोलत न्हाईस ते...' पाना फरशीवर घासल्याचा आवाज आला. 'ते बरंच हुतं मला.'

बरंच होतं! मी शिक्षा म्हणून जे दिलं, ते हा माणूस पांघरूण म्हणून घेऊन झोपला होता. मी स्वयंपाकघरात वाट बघत होते की हा कधी सांगतो, आणि हा पुढच्या खोलीत वाट बघत होता की दिवस कसाबसा निघून जावा. मधे एक भिंत. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच फोन वाजत होता.

मला काय करावं कळेना. हसावं तर शेजारीण आधीच कान देऊन बसलेली, रडावं तर पदर गंजानं भरलेला. मी उठले आणि कॉक पुरता उघडला. त्याला न सांगता. खालून 'अगं! अगं! थांब!' असा आरडाओरडा झाला, आणि पाण्याचा भसकन मोठा आवाज आला. मला बरं वाटलं.

खाली आले तर तो नखशिखांत भिजून बाथरूमच्या दारात उभा होता. मागं फवारा चालू होता. एका बाजूनं जरा तिरका उडत होता आणि सुतळीच्या गाठीतून बारीक धार भिंतीवर जात होती, पण चालू होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे बघितलं, कारण एकमेकांकडे बघवेना.

'गळतंय थोडं,' तो म्हणाला.

'गळू दे,' मी म्हणाले. 'व्हा बाजूला.'

मी आंघोळ केली. टाकीतलं पाणी उन्हानं चांगलं कोमट झालं होतं. मी नुसती उभी राहिले आणि डोक्यावरून पाणी आलं. खांद्याला काही करावं लागलं नाही. डाव्या हातानं केस चोळले, मानेपासून, कानामागून, सगळे. कितीतरी वेळ उभी होते. बाहेर तो पुसायला फडकं शोधत होता, कपाटं उघडत होता, लावत होता. फडकं कुठं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. कधी विचारलं नव्हतं त्यानं.

दुपारी आमटी-भात वाढला. रोज तो ताट घेऊन पुढच्या खोलीत जातो. आज गेला नाही. स्वयंपाकघरातच माझ्यासमोर बसला, कोरडे कपडे घालून. आणि मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. आता अबोला नव्हता, बंदी नव्हती, 'अहो' म्हणायला हरकत नव्हती, आणि दोघांनाही काही सुचेना. तो म्हणाला, 'ऊन लई हाय.' मी म्हणाले, 'हाय.' पुन्हा आमटीचे भुरके. माझीच खुर्ची सरकवतानाही परक्याच्या घरात बसल्यासारखं वाटत होतं. या माणसाला काय आवडतं, कशाची भीती वाटते, मला काही माहीत नव्हतं. त्याच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव तेवढं माहीत होतं. इतकं एकटं मला अबोल्यातही कधी वाटलं नव्हतं. तेव्हा निदान वाट बघायला एक गोष्ट होती.

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, 'त्या पहाटं भिमादादा फोनवर नेमकं काय म्हणाला होता?'

त्याचा हात ताटात थांबला. 'भिमा एवढंच म्हणाला, आईचं खरं न्हाय, संजीला घिऊन या, आन फोन आईच्या हातात दिला. आन तो जीप बघायला गेला. पुढं बोलल्या त्या आईच.'

'आई? आई बोलत होती?'

'बोलत हुत्या की. चांगल्या बोलत हुत्या. म्हणून तर मला वाटलं, दुपारपातूर काय हुत न्हाय.' तो माझ्याकडे बघत नव्हता. 'पायजे तर शिव्या दे. पण खरंच तसं वाटलं. आन मग तुला सांगायचं कसं, म्हणून ते बी तसंच ऱ्हायलं.'

'काय म्हणाली?'

त्यानं तोंड पुसलं. 'म्हणाल्या, जावईबापू, संजीला म्हणावं, न्याहारी करून निघ. उपाशी पोटी येऊ नको म्हणावं. वाटंत चक्कर येती तिला.'

माझा घास हातातच राहिला. भिमादादाला वाटलं असणार, निरोप पोचला. आई फोनवर बोलली हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, आणि मीही त्याच्याकडे त्या पहाटेचा विषय पुन्हा काढला नाही. आईचं माझ्यासाठीचं शेवटचं बोलणं गेलं नव्हतं. ते इतकी वर्षं माझ्याच घरात होतं. पुढच्या खोलीत झोपत होतं, माझ्या हातचा चहा पीत होतं, घड्याळाला लाइटबिल सांगत होतं.

मी तोंडावर पदर घेतला आणि मोठ्यानं रडले. तो बसून राहिला. त्यानं हात पुढं केला नाही, उठूनही गेला नाही. बाथरूममध्ये सुतळीतून पाणी ठिबकत होतं. बऱ्याच वेळानं मी डोळे पुसले आणि हातातला घास खाल्ला, कारण तिनं तेच सांगितलं होतं.

'अहो,' मी म्हणाले, 'आणखी काय म्हणाली?'

'एवढंच,' तो म्हणाला. 'मग रेंज गेली.'